पेंढ्याचं टार्गेट, चुकलेले बाण आणि घोणस: जून ते जानेवारीची नोंद

आधी माझ्या तिरंदाजीचे आकडे, कारण बरेच जण तेवढंच बघून पुढं जातात. ३० मीटर, ८० सेंटीमीटरचा कागद, ३६ बाण, ३६० पैकी: जूनमध्ये २२८, ऑगस्टमध्ये २०४, नोव्हेंबरमध्ये २६१, जानेवारीत २७७. ऑगस्टमध्ये जो खड्डा पडलाय त्यात खांद्याचा दोष नाही, साइटचाही (धनुष्यावरच्या नेम धरायच्या खुणेचाही) नाही. तो खड्डा घोणशीनं पाडला.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. धनुष्य माझं नव्हे, लेकाचं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला आदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाऊंडची (चाकं लावलेल्या धनुष्याची) जगज्जेती झाली, त्याच स्पर्धेत साताऱ्यातच सराव करणारा ओजस देवतळेही जिंकला, आणि आमच्याकडं घरोघरी पोरांना धनुष्य हवं झालं. फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला खेळून आलेला होताच. चिरंजीवांनी दीड वर्ष रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं, बिनचाकांचं धनुष्य) ताणलं, मग दहावी आली, मग क्रिकेट आलं. धनुष्य कपाटावर धूळ खात पडलेलं मला बघवेना. शाळेतनं आल्यावर एक दिवस सहज ओढून बघितलं आणि अडकले ते अडकलेच. वय ४३, लिंब (धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पट्ट्या) २६ पाउंड ओढीचे, आता २८. पदकाचा विचार नाही. सहा बाण पिवळ्यात, म्हणजे कागदाच्या मधल्या नऊ-दहा गुणांच्या गोलात, एकाशेजारी एक बसलेले बघायचे, एवढीच हाव.

सराव सासरच्या रानात. जरंडेश्वराच्या डोंगराच्या अंगाला आमचं बारा गुंठ्यांचं पडाक आहे. मागं मुरमाचा दीड पुरुष उंच ताल, त्यामुळं सुटलेला बाण कुणाच्या अंगावर जायची भीती नाही. डाव्या हाताला चुलत सासऱ्यांचा ऊस, उजवीकडं ओढा. नेमबाजीला याहून चांगली जागा मिळणार नाही असं मला वाटायचं. सापाला विचारलं असतं तर तोही हेच म्हणाला असता.

जून

पहिली गाठ फुरशाशी. टार्गेटचं तिकाटणं वाऱ्यानं पडू नये म्हणून मी पायांवर ओढ्यातले दगड ठेवायचे. दोन पाऊस झाले होते. रविवारी सकाळी तिकाटणं सरकवायला मधला दगड उचलला आणि तापल्या तव्यावर ओला हात झटकल्यावर होतो तसा आवाज आला. मला आधी वाटलं पाल असेल. खाली दीड वितीचं, मातकट रंगाचं, स्वतःशीच घासत वळणारं वेटोळं. फुरसं तोंडानं फुसकारण्यापेक्षा अंगावरचे खरबरीत खवले एकमेकांवर घासून करकरतं, आणि एकदा ऐकलेला तो आवाज विसरत नाही. त्याच्या डोक्यावर बाणाच्या टोकासारखी फिकट खूण असते. तीही दिसली, म्हणजे मी किती जवळ होते बघा.

दगड हातात तसाच. खाली टाकावा तर त्याच्यावर पडेल, धरून ठेवावा तर हात थरथरतोय. दोन पावलं मागं गेले आणि दगड बाजूला ठेवला. ते पळालं नाही, तिथंच करकरत बसलं. दहा मिनिटांनी बघितलं तर जागा रिकामी.

त्या दिवशी मी काय शिकले? काही नाही. दगडांऐवजी वाळूच्या पिशव्या टांगल्या आणि विषय संपला असं समजले.

ऑगस्ट

इथं माझ्या टार्गेटबद्दल सांगायला हवं. फोमचं बट (बाण अडवणारा ठोकळा) महाग म्हणून मी भाताचा पेंढा दाबून, दोन फळ्यांत आवळून, वर गोणपाट शिवून टार्गेट केलं होतं. बाण छान अडायचा, काढायला सोपा, खर्च जवळजवळ शून्य. मागच्या नोंदीत मी त्याची फुशारकीही मारली होती. पावसाळ्यात त्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकून ते रानातच ठेवलं. रोज कोण वाहून नेणार?

जुलैअखेर तिकडं धामण दिसायला लागली. लांबलचक, पिवळसर, माणूस दिसलं की पळणारी. आमचे मामा, म्हणजे सासरे, म्हणाले, "आसू दे, उंदरं खाती ती." मलाही पटलं. धामण बिनविषारी, शेताला उपयोगाची. पण ती उंदरांसाठी आली असेल, तर उंदीर कशासाठी आले, हा प्रश्न काही मला पडला नाही.

नागपंचमी होऊन आठवडा झाला असेल. (आमच्याकडं त्या दिवशी अजून चिरायचं-कापायचं नाही. आजोळ बत्तीस शिराळ्याकडचं, त्यामुळं लहानपणी जिवंत नागांची मिरवणूक बघितलेली आहे. पुढं उच्च न्यायालयाच्या आदेशानं ती पूजा बंद झाली. सापांची मला भीती नाही असा माझा समज त्या मिरवणुकीवर उभा होता.) संध्याकाळचे सहा. आभाळ भरलेलं, उजेड कमी. चौथ्या एंडचा (सहा बाणांच्या फेरीचा) तिसरा बाण सोडताना बोटं चुकली, बाण टार्गेटच्या डाव्या कडेवरनं मागं गेला. गुडघाभर गवत. तिरका गेलेला बाण गवताच्या मुळाशी सरपटत शिरतो, वरनं पिसंसुद्धा दिसत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहेच. कार्बनचा एक बाण साडेचारशेला, आणि बारातले तीन मी आधीच घालवलेले. मी वाकून दोन्ही हातांनी गवत बाजूला सारत निघाले. बाणाचं हिरवं नॉक (दोरीत अडकवायचं मागचं टोक) दिसलं. हात पुढं केला.

कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ कोंडून फुसफुसते ना, तसा आवाज, पण सलग आणि मोठा. नॉकपासून हातभर अंतरावर, मी आतापर्यंत वाळलेलं पाचट समजत होते त्यातला एक भाग श्वास घेत होता. आत घेताना अंग फुगायचं, सोडताना आवाज. पाठीवर गर्द तपकिरी ठिपक्यांच्या साखळ्या, प्रत्येक ठिपक्याला काळी कड, बाहेर पांढरट रेघ. मधली ओळ ठळक, दोन्ही कुशींना एकेक. घोणस.

"हलू नगंस," मामा बांधावरनं म्हणाले. त्यांना साप दिसला नव्हता, आवाज ऐकू आला होता. "हात हळू मागं घे. आता पाय. गडबड न्हाई करायची."

मागं आले. गुडघ्यांत पाणी. मामांनी आधी मला बांधावर बसवलं, मग म्हणाले, "एवढं बाण हाईत तुझ्याकडं, मार की एक."

"मामा, तीस मीटरवर ऐंशी सेंटीमीटरचा कागद मला चुकतो. आणि साप मारणं गुन्हा आहे."

"मग चावली आसती तर काय केलं आसतंस? दोरी हाय धनुष्याची, आवळून बांधली आसती."

या दोरीवरनं आमचा वाद झाला, त्याबद्दल खाली लिहिते. घोणस अर्धा तास तिथंच होती. अंधार पडला तसे आम्ही निघालो. बाण दुसऱ्या दिवशी दुपारी आकडीनं ओढून काढला.

पुढच्या दोन आठवड्यांत स्कोअर घसरत घसरत २०४ वर आला. बाण चुकला तर गवतात जावं लागेल, या भीतीनं मी दोरी सोडताना हात बाहेर झटकत होते, आणि हात झटकला की बाण डावीकडं जातो. डावीकडंच ते गवत. एका संध्याकाळी ३६ पैकी पाच बाण बाहेर. इतके तर पहिल्या महिन्यातही गेले नव्हते.

सप्टेंबर

गावातल्या सर्पमित्राला रान दाखवायला बोलावलं. विशीतला पोरगा. त्यानं गवताकडं बघितलंही नाही, सरळ टार्गेटपाशी गेला आणि काठीनं प्लॅस्टिक उचललं. "ताई, तुम्ही साप पाळलेत," म्हणाला.

गोणपाट उसवलं. पेंढ्यात राहिलेल्या लोंब्यांचे दाणे फस्त, कोंड्याचा ढीग, आत बोगदे. आणि मधोमध उंदराचं घरटं. माझ्या कागदी टार्गेटच्या बारीक चिंध्या करून मऊ अंथरलेलं, बहुतेक पिवळ्या, थोड्या लाल. मला नऊ-दहा मिळत नव्हते आणि उंदरांनी ते घरी नेऊन पोरांच्या अंगाखाली घातले होते. मी हसले, मग अंगावर काटा आला, कारण बाण काढताना डावा तळहात मी बरोबर त्याच ठिकाणी टेकवायचे.

शेजारी ऊस, उसात पाचट, पाचटात उंदीर, मध्ये माझं कोरडं, धान्य भरलेलं घर. घोणस अंडी घालत नाही, पिल्लं देते, आणि तीही पावसाळ्याच्या सुमारास वीस-तीसच्या घरात. तिनं दुसरीकडं जावं तरी कशाला?

पेंढा त्याच दिवशी जाळला. फोमचं बट घेतलं. हप्त्यावर, नवऱ्याला अर्धी किंमत सांगून. ते सरावानंतर स्कूटीवर बांधून घरी येतं. रान ग्रास कटरनं साफ केलं, टार्गेटच्या मागं तालापर्यंत आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटर. कापलेलं गवत तिथंच ढिगानं ठेवायचं नाही, हे त्या पोरानं बजावून सांगितलं.

दोरीचा वाद

मामांना पटवायला मी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडंच घेऊन गेले. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. घोणस आणि फुरशाच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. हिरड्यांतनं, लघवीतनं रक्त जातं, चावलेला भाग टम्म सुजतो. त्यावर दोरी आवळली तर हात जायची वेळ येते, आणि चिरा दिला तर रक्त थांबत नाही. काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही की समजायचं. प्रतिविष एकच, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरही चालतं. त्यामुळं साप पकडून, मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही. तेवढा वेळ फुकट जातो.

आपल्या तिरंदाजांसाठी डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली, ती मला कुठं वाचायला मिळाली नव्हती. त्यांनी माझा आर्मगार्ड (दोरीचा फटका बसू नये म्हणून हाताला बांधायचा पट्टा) बघायला मागितला. पट्टे ओढून बघितले आणि म्हणाले, "चावलं तर पहिलं हे काढा." आर्मगार्ड, बोटातला स्लिंग (धनुष्य पडू नये म्हणून घालायची दोरी), टॅब (दोरी ओढणाऱ्या बोटांवरचं चामडं), अंगठी, बांगड्या, घड्याळ. सूज चढली की हेच सगळं दोरीसारखं आवळतं. मग हात हलवायचा नाही, फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा, १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीनं निघायचं. धावायचं नाही. मी आता सरावाला जाताना हिरव्या बांगड्या काढून ठेवते. सासूबाईंना ते आवडत नाही, पण मामांनीच त्यांना समजावलं.

मण्यारीबद्दल मामांनी स्वतःहून विचारलं. ती रात्रीची फिरते, चावलेलं बऱ्याचदा दुखतही नाही, नुसतं पोट दुखतं, पापण्या जड होतात. म्हणून माझी धनुष्याची बॅग रानातल्या खोपटात ठेवायची सवयही बंद. ऑक्टोबरात बॅगेच्या कप्प्यात कवड्या (मण्यारीसारखा दिसणारा बिनविषारी साप) निघाला तेव्हा घरात बोंबाबोंब झाली. कवड्याचे पांढरट पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडं फिके होतात, मण्यारीचे उलट मागच्या भागात ठळक. हे मला पाठ होतं. प्रत्यक्षात बघताना एक अक्षर आठवलं नाही. सर्पमित्रानं फोटो बघून सांगितलं.

नोव्हेंबर ते जानेवारी

भीती घालवायला अंतर कमी केलं. १८ मीटर, तोच ८० सेंटीमीटरचा कागद. चुकणं जवळजवळ अशक्य. तीन आठवडे फक्त सुटणारा हात बघितला. मग २५, मग ३०. गवत कापलेलं असल्यानं चुकलेला बाणही दिसायला लागला आणि हात आपोआप सैल झाला. २६१.

बाण काढायला जाताना आता नवऱ्याचे गमबूट, हातात वेताची काठी, टार्गेटच्या दहा पावलं आधीपासून पाय आपटत. सापाला जमिनीचे हादरे लगेच कळतात, वाट मिळाली तर तो निघून जातो. माझी ही कवायत बघून ऊसतोडीची पोरं हसतात. ती स्वतः अनवाणी पाचटात हात घालतात, त्यामुळं त्यांच्यासमोर गमबूट घालायची मला लाजच वाटते. दोन जोड ग्लोव्हज देऊन बघितले. कोयत्याची मूठ सटकते म्हणून परत दिले.

बाहेर गेलेला बाण आता लगेच आणत नाही. बारा बाण ठेवलेत, सहा मारायचे, सहा राखीव, म्हणजे घाई होत नाही. सराव संपल्यावर उजेड असेल तर आकडीनं ओढायचे. उजेड नसेल तर तिथंच राहू द्यायचे.

डिसेंबरात थंडीच्या सकाळी तालावर एक घोणस उन्हाला पसरलेली दिसली. तीच का दुसरी, कोण जाणे. टार्गेटपासून वीस मीटर तरी लांब. त्या दिवशी ३६ चे १२ मारून परत आलो. मामा तिच्याकडं बघत बिडी संपेपर्यंत बसले होते.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पहिल्यांदा ५० मीटर, १२२ सेंटीमीटरचा कागद. साइट पार खाली न्यावी लागली, २८ पाउंडाला तेवढंच जमतं. ३६ बाणांत २१२. चार बाहेर. तीन संध्याकाळी मिळाले. चौथा ओढ्याकडच्या घाणेरीत गेलाय, दोन फांद्यांच्या मधनं हिरवं नॉक दिसतंय. मामांनी विचारलं, "आणू का?" नको म्हटलं.