लातेकोएर ३०० ‘क्रुआ द्यु स्यूद’, १:७२ – पंख झाला, आता मागचे प्रोपेलर

१९३०च्या दशकातल्या या फ्रेंच उडत्या होडीचं (पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचं) १:७२ मापाचं मॉडेल करतोय. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ४४.२० मीटर, म्हणजे या मापात ६१४ मिमी. एवढा पंख नुसत्या स्टायरीनचा (मॉडेलसाठीच्या प्लास्टिकचा) केला तर काही दिवसांत दोन्ही टोकं लोंबायला लागतात. म्हणून आतून ३ मिमीची पितळी नळी घातली आहे, मध्ये जोड न देता. वरचा पत्रा चढवायच्या आधी खोबणी कोरडी घासून घेतली. ओल्या पॉलिश पेपरचा गाळ खोबणीत बसला की नळी तिरकी होते.

खरी डोकेदुखी प्रोपेलरची. हिस्पानो-सुइझाची ६५० अश्वशक्तीची चार इंजिनं दोन जोड्यांत, पाठीला पाठ लावून: पुढचं ओढतं, मागचं ढकलतं. एकाच जातीचं इंजिन उलट्या तोंडाने बसवलं की शेपटाकडून पाहताना त्याची फिरायची दिशा उलटते. त्यामुळे मागच्या प्रोपेलरला आरशातल्यासारखी उलट्या पिळाची पाती लागतात. पुढचाच साचा पालथा घालून हे होत नाही. उजवा स्क्रू कसाही धरला तरी उजवाच राहतो.

पात्यांसाठी ०.५ मिमीचा स्टायरीनचा पत्रा काचेच्या बाटलीवर दोऱ्याने गच्च बांधून उकळत्या पाण्यात मिनिटभर धरायचा, मग गार पाण्यात. पात्याचा कागदी नमुना बाटलीच्या उभ्या रेषेला १५ अंश तिरका ठेवून कापला की पीळ आपोआप येतो: पुढच्या जोडीला एका बाजूला तिरका, मागच्या जोडीला दुसऱ्या. फुगीर बाजू चारही ठिकाणी विमानाच्या नाकाकडे. मागचे दोन इथेच हमखास चुकतात. आस १ मिमीची. बुशमध्ये (आस ज्यात फिरते त्या बारीक नळीत) आधी तेलाचा थेंब, नाहीतर इन्स्टंट ग्लू आत ओढला जाऊन सगळं जाम.

मागच्या उजव्या प्रोपेलरवर जास्त वेळ घालवायला कारण आहे. ७ डिसेंबर १९३६ ला हे विमान पश्चिम आफ्रिकेतल्या डाकारहून टपाल घेऊन निघालं, प्रोपेलरच्या बिघाडामुळे परतलं, दुरुस्ती करून पुन्हा उडालं. १०:४७ ला वायरलेसवर शेवटचा संदेश आला: मागचं उजवं इंजिन बंद करतोय. प्रसिद्ध फ्रेंच वैमानिक ज्याँ मेर्मोझसह पाचही जण गेले; अवशेष सापडले नाहीत. प्रोपेलर सुटून सांगाड्यावर आदळला असावा हा तर्कच आहे, पण मांडणी पाहिली की पटतो. ओढणारा प्रोपेलर सुटला तर निदान पुढे जाऊ शकतो. ढकलणाऱ्याच्या खाली आणि मागे मात्र होडीचा सांगाडा आणि शेपूट. त्याच वर्षी फेब्रुवारीत याच घराण्यातलं लातेकोएर ३०१ ‘व्हिल द ब्यूनोस आयरेस’ही अटलांटिकवर बेपत्ता झालं होतं.

याउलट जुलै १९३०: मेर्मोझचं फ्लोटवालं (चाकांऐवजी तरंगते तराफे लावलेलं) लातेकोएर २८ तेलगळतीमुळे समुद्रात उतरलं. ‘फोसे’ जहाज जवळ होतं, म्हणून माणसं आणि टपाल वाचलं, विमान बुडालं.

आता बगलेच्या फ्लोटांपासून पंखाला जाणारे टेकू. आधी सुकं जुळवून, मगच डिंक.