पुरुषांचा स्कर्ट: आधी कंबर, मग बाकी सगळे

ज्या पुरुषाला स्कर्ट वापरायचा आहे, त्याने रंग, कापड आणि लांबी यांचा विचार थोडा बाजूला ठेवून प्रथम कमरपट्टी कुठे बसणार आहे हे ठरवावे. आपण पँट नाभीच्या बऱ्याच खाली, कमरेच्या हाडांवर घालतो, आणि कुणी कंबर विचारली की त्याच जागेचे माप सांगतो. स्त्रियांच्या बांध्यात कंबर आणि नितंब यांच्या घेरात सहसा पुरेसा फरक असल्यामुळे स्कर्ट आपल्या जागी टिकतो. बहुतेक पुरुषांच्या बाबतीत हा फरक थोडा असतो, त्यामुळे बाजारात मिळणारा इलास्टिकचा स्कर्ट चालता चालता खाली घसरतो आणि दिवसभर तो वर ओढत राहावे लागते. यासाठी पट्टी वर, नाभीच्या आसपास बसली पाहिजे आणि ती रुंद व न ताणणारी असली पाहिजे. तिची नेमकी जागा शोधायची असेल, तर सरळ उभे राहून एका बाजूला वाकावे. कुशीत जिथे घडी पडते तीच स्कर्टची कंबर, आणि माप तिथलेच घ्यावे.

स्कॉटलंडच्या किल्टमध्ये, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या पारंपरिक स्कर्टमध्ये, हा सगळा विचार फार पूर्वीच झालेला आहे. पारंपरिक किल्टला सुमारे 8 वार कापड लागते, तो नैसर्गिक कमरेवर पट्टे आणि बकलांनी आवळला जातो, पुढचा भाग पूर्ण सपाट असतो आणि सगळ्या प्लेट्स मागे घेतलेल्या असतात. या प्लेट्स कमरेपासून नितंबांपर्यंत शिवून टाकलेल्या असतात आणि त्याच्या खालीच मोकळ्या सुटतात. पुरुषाला स्कर्ट शोभतो की नाही, हे माझ्या मते बरेचसे या रचनेवर ठरते. पोटावर चुण्या आल्या की पोट आहे त्यापेक्षा मोठे दिसते. पुढे सपाट कापड आणि मागे वजनदार घडी असली की तोच माणूस ताठ आणि नेटका दिसतो. ज्याचे पोट सुटलेले आहे, त्याला तर मी पुढे सपाट असलेल्या गुंडाळीच्या स्कर्टशिवाय दुसरे काही सुचवणार नाही.

बडोद्यात राहून हे लिहिताना मला केडियू हा घेरदार अंगरखा आठवल्याशिवाय राहत नाही. नवरात्रीत इथले पुरुष छातीपासून चुण्या सुटलेले, गिरकीबरोबर उघडणारे केडियू घालून रात्र रात्र गरबा खेळतात आणि त्यात कुणालाही वावगे वाटत नाही. घेरदार वस्त्र पुरुषाच्या अंगावर किती देखणे दिसते हे या शहराने पाहिलेले आहे. प्रश्न फक्त ते रोजच्या वापरात आणण्याचा आहे. त्याची गरजही खरी आहे, कारण मे महिन्यात इथे पारा 40 अंशांच्या पुढे जातो. 2017 च्या जून महिन्यातील उष्णतेच्या लाटेत फ्रान्समधील नाँत शहराच्या बसचालकांना शॉर्ट्स घालायला मनाई होती, तेव्हा त्यांच्यापैकी काही जण सरळ स्कर्ट घालून कामावर आले. मला त्यांचे मनापासून कौतुक वाटते. लुंगीतही हवा खेळते, पण ती दर थोड्या वेळाने सोडून बांधावी लागते आणि तिला खिसा नसतो. शिवलेल्या स्कर्टने या दोन्ही अडचणी सुटतात.

कापडाच्या बाबतीत लोकरी किल्टची नक्कल इथे उपयोगाची नाही. मध्यम जाडीची सुती खादी मला सर्वांत पसंत आहे. ती घाम शोषते आणि तिला पुरेसे वजनही असते. मात्र खादीवर इस्त्रीची घडी फार वेळ टिकत नाही, म्हणून प्रत्येक प्लेटच्या आतल्या कडेवरून बारीक टीप मारून घ्यावी. हातमागाचा पन्हा लहान असला तर जोड द्यावा लागतो, आणि तो प्लेटच्या आतल्या घडीत लपवला की बाहेरून दिसत नाही. कच्छचे ठशांनी छापलेले अजरख कापड घेतले तर त्याचा काठ पुढच्या मोकळ्या कडेला उभा येईल असे बेतावे. त्या उभ्या रेषेने बुटका माणूसही उंच भासतो. लग्नकार्यासाठी गुजरातेतल्या पाटणचा मशरू हा कापडाचा प्रकार आहेच. त्याच्या दर्शनी बाजूला रेशमाची, आता बहुधा रेयॉनची, झळाळी असते आणि अंगाला सूत लागते, त्यामुळे उन्हाळ्यातल्या मुहूर्तालाही तो सुसह्य होतो.

शिंप्याकडे गेल्यावर सर्वांत जास्त बोलणे घेराबद्दल व्हावे. परदेशी नमुने खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी बेतलेले असतात आणि आपण जेवायला, पूजेला, गाण्याच्या बैठकीला मांडी घालून बसतो. रावपुऱ्यातल्या आमच्या टेलरकाकांनी ही गोष्ट माझ्या आधी ओळखली. माप घेऊन झाल्यावर ते म्हणाले, “भाऊ, आता जरा खाली बसा, मांडी घाला.” मग त्यांनी एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत टेप धरली, मध्ये कापड खाली पडावे म्हणून ती सैल सोडली आणि त्या मापाने खालचा घेर ठरवला. गुडघ्यांमध्ये कापडाची झोळ पडली की माणूस निश्चिंत बसतो. कापड ताणले गेले तर लक्ष सतत तिकडेच राहते.

लांबीबद्दल माझे मत ठाम आहे. गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत किंवा घोट्याच्या चार बोटे वर, या दोनच जागा पुरुषाला शोभतात; पोटरीच्या मध्यावर संपणारा स्कर्ट पाय तोडल्यासारखे दाखवतो. गुडघे टेकून ताठ राहिल्यावर कड जमिनीला जेमतेम लागत असेल तर लहान स्कर्टची लांबी बरोबर आहे. स्कूटर चालवणाऱ्याने लहानच घ्यावा, कारण लांब घेर चाकाकडे ओढला जाण्याची भीती असते, आणि गुंडाळीच्या आतल्या पदराला मांडीच्या उंचीवर एक दडलेले बटण लावून घ्यावे, म्हणजे वाऱ्याने तो उघडत नाही.

आत सुती, मांडीपर्यंतची चड्डी जरूर असावी. पँटचे कापड दोन्ही मांड्यांच्या मध्ये असते, स्कर्टमध्ये ते नसते, आणि घामाने त्वचा घासली की अर्ध्या तासात चालणे नकोसे होते. खिसे शिवणीत ठेवू नयेत, कारण मोबाइलच्या वजनाने स्कर्ट एका बाजूला लोंबतो. बाहेरून लावलेला खिसा किंवा कमरेची पिशवी बरी. किल्टला खिसे नसल्यामुळेच स्कॉटिश लोक पुढे चामड्याची पिशवी बांधतात.

वरच्या कपड्याने बरेच काम बिघडते. लांब कुडता घातला की कमरपट्टी झाकली जाते आणि सगळा बांधा गुंडाळल्यासारखा दिसतो, म्हणून शर्ट आत खोचावा किंवा कमरपट्टीशी संपणारे आखूड जाकीट घालावे. पहिला स्कर्ट गडद निळ्या किंवा राखाडी रंगाचा, एकरंगी शिवावा, म्हणजे घरातले सगळे शर्ट त्यावर चालतात. कापड कापण्यापूर्वी ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्यावे. नवी खादी पहिल्या धुण्यात आटते, आणि गुडघ्याशी नीट बेतलेली लांबी तेवढ्याने वर चढते.