नवरीची हनुवटी आणि एक जार पाणी

२०१६ चा मे महिना कसा होता ते लातूरकरांना सांगायची गरज नाही. मांजरा धरण कोरडं पडलेलं, नळाला पाणी कधी येणार ते कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि मार्चात पाण्याच्या टाक्यांजवळ १४४ कलम लावायची पाळी आली होती. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. १० वाघिणी, ५ लाख लिटर. आमच्या गल्लीतली पोरं ती बघायला स्टेशनवर पळाली होती.

माझं पार्लर औसा रोडच्या आतल्या एका गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत. त्या उन्हाळ्यात मी दारावर स्वतःच्या हातानं पाटी लावली होती, ‘फेशियल बंद’. थ्रेडिंगला पाणी लागत नाही, त्याच्यावर कसंबसं चाललं होतं. घरात दोन निळे ड्रम, प्यायला विकतचे जार आणि कोपऱ्यात एक माठ.

दुपारी तीनच्या सुमाराला एक मुलगी आली. तोंडाला स्कार्फ बांधलेला, सोबत आई, आत्या आणि धाकटी बहीण. उन्हामुळे आमच्याकडं सगळ्याच मुली स्कार्फ बांधून फिरतात, म्हणून मला काही वेगळं वाटलं नाही. तिचा ब्रायडल मेकअप माझ्याकडं बुक होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळद, परवा लग्न.

“ताई, आग व्हायलीय बगा लई,” म्हणत तिनं स्कार्फ सोडला. वरच्या ओठावर आणि हनुवटीवर लालभडक पट्टा. ओठाच्या डाव्या कोपऱ्याला कातडी ओलसर दिसत होती. आणि वास आला. ज्यांनी पार्लरमध्ये केस कुरळे करायचं लोशन हाताळलंय त्यांना तो सडक्या अंड्यासारखा वास सांगावा लागत नाही. केस काढायच्या क्रीममध्ये त्याच जातीचं औषध असतं, थायोग्लायकोलेट. ते केसातले बंध तोडतं, केस मऊ पडतो आणि पुसला की निघतो. पण केस आणि कातडीचा वरचा थर एकाच मातीचे. केस लवकर विरघळतो एवढंच, क्रीम जास्त वेळ राहिली की ती कातडीलाही सोडत नाही.

“कधी लावली होतीस?”

“सकाळी. अकराला.”

चार तास झाले होते आणि वास अजून येत होता. माझ्या डोक्यात तिथंच घंटा वाजली.

“धुतलीस कशी?”

कुणीच बोलेना. मग आई म्हणाली, “धुवायला पाणी कुठंय ओ ताई? पाव्हणे आलेत घरी. ओल्या फडक्यानं पुसून घेतलं तिनं.”

मग एकेक गोष्ट बाहेर आली. तिनं मोबाईलवर खोक्याचा फोटो दाखवला, त्याच्यावर पायाचं चित्र. चेहऱ्याची क्रीम वेगळी येते, पायाची तोंडाला लावायची नसते. वेळ पाच मिनिटांची, फार तर दहा. हिनं पंधरा मिनिटं ठेवलेली, हनुवटीवरचे केस जाड म्हणून. आधी हातावर थोडीशी लावून एक दिवस बघायचं असतं, ते तर कुणीच करत नाही, माझ्या गिऱ्हाइकांतही मोजून दोघी-तिघी. आणि वर कहर म्हणजे धाकटीनं त्याच्यावर लिंबू चोळलेलं. धाकटी बारावी सायन्सची, लातूर पॅटर्नमधली. तिचा हिशोब सरळ होता: क्रीम अल्कली, लिंबू ॲसिड, दोन्ही मिळून न्यूट्रल. पेपरात पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. बहिणीच्या तोंडावर मात्र आगीत तेल ओतल्यासारखं झालं.

मी तिला मोरीत बसवलं, मान पुढं करायला लावली आणि जार उघडला. वीस लिटरचा, त्याच सकाळी आलेला. आई म्हणाली, “अगं माय, प्यायचं पाणी कशाला सांडायलाव?” मी ऐकलं नाही. तांब्यानं हळूहळू, हात न लावता, नुसती धार. साबण नाही, फेसवॉश नाही, चोळणं तर नाहीच. निम्मा जार संपला तेव्हा कुठं वास गेला. खाली बादली ठेवली होती. ते पाणी नंतर संडासला वापरलं, ही त्या वर्षीची सवय.

मग माठातलं पाणी घेतलं. टाकीतलं पाणी मे महिन्यात चहाला चालेल इतकं तापलेलं असतं. सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा माझ्याकडं धुऊन ठेवलेला होता. त्याच्या घड्या माठाच्या पाण्यात भिजवायच्या, पिळायच्या, नुसत्या ठेवायच्या. घडी गरम झाली की दुसरी. आत्या म्हणाल्या बर्फ आणू का, मी नको म्हटलं. सोलवटलेल्या कातडीवर थेट बर्फ ठेवला तर तोच भाजतो. मग त्या अंगणातून कोरफडीचं पान तोडून घेऊन आल्या. मी पान उभं धरून दाखवलं, कापलेल्या टोकातून पिवळा चीक गळत होता. लोक हा चीक निथळू न देता तसंच पान घासतात आणि मग कोरफडीनं खाज सुटली म्हणतात. इथं तर कातडी ओलीच होती, म्हणून कोरफडही बाजूला ठेवली.

वीसेक मिनिटांनी लाली थोडी उतरली, आग कमी झाली. मी साध्या व्हॅसलीनचा पातळ थर दिला, वास नसलेल्या. ओठाचा कोपरा मात्र मला बरा वाटेना. पंधरा मिनिटांत एवढं सोलवटलं कसं, हेही पटत नव्हतं. म्हणून विचारलं, “ह्याआधी तोंडाला काय लावत होतीस?”

ती आईकडं बघायला लागली. धाकटीनंच सांगून टाकलं, “गोरं व्हायची ट्यूब. मेडिकलातली. दोन महिने झाले.”

झालं. ह्या ट्यूबांत स्टेरॉइड असतं, त्यानं आधी चेहरा उजळल्यासारखा दिसतो आणि आतून कातडी कागदासारखी पातळ होत जाते. पुढं २०१८ मध्ये अशा मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची झाली, तरी चिठ्ठीशिवाय विकत घेतलेल्या ट्यूबा माझ्यासमोर बायका अजून पर्समधून काढतात. त्या दिवशी मी रागावले. नवरीवर रागवायला नको होतं, पण रागावले.

ओली जखम हे माझं काम नाही. पार्लरवाल्या बाईनं आपली हद्द ओळखावी. मी दाराला कुलूप लावलं आणि त्यांना रिक्षात घालून कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी भिंग लावून बघितलं, ट्यूब बंद करायला सांगितली, एक मलम लिहून दिलं, खपली ओढू नको, उन्हात जाऊ नको म्हणाले. हनुवटीवर केस कधीपासून, पाळी नियमित आहे का, तेही विचारलं आणि लग्नानंतर तपासून घ्यायला सांगितलं. मग आत्यांनी खरा प्रश्न काढला.

“साहेब, उद्या हळद आहे.”

“चेहऱ्याला नाही लावायची.”

“हळदीनं तर जखम भरती!”

“बाई, बाजारची हळद, त्यात तेल, वर वीस जणांचे हात. चेहऱ्याला नाही.”

हेच मी रिक्षात दोनदा सांगितलं होतं. तेव्हा आत्या खिडकीबाहेर बघत होत्या. डॉक्टर म्हणाले तशी लगेच मान डोलावली. असू दे.

हळदीला मी मुद्दाम गेले. हाताला, पायाला, गुडघ्यापर्यंत भरपूर हळद आणि कपाळावर एक बोट. बायका कुजबुजल्या, पण आत्या तिच्या शेजारी ठाण मांडून बसल्या होत्या. कुणाचा हात गालाकडं वळला की, “पायाला लाव गं, पायाला.”

लग्नाच्या दिवशी लाली उतरून हनुवटीवर तपकिरी पापुद्रा आला होता. तिथं मी फाउंडेशनचा ब्रशसुद्धा टेकवला नाही. डोळे केले, केस केले, कपाळ आणि गालांचा वरचा भाग हलका सारवला. मुंडावळ्या बांधल्यावर लक्षात आलं, मोत्यांच्या लडी नेमक्या जबड्यावर घासत होत्या. त्या मागं घेऊन कानामागं दोन पिना मारल्या. फोटोग्राफर म्हणाला, मुंडावळ्या दिसत नाहीत. मी म्हटलं, दिसू नका देऊ.

पैसे ठरल्यापेक्षा कमी घेतले, कारण मेकअप अर्धाच झाला होता. तिच्या आईला ते पटलं नाही बहुतेक. दोन दिवसांनी सकाळी नवरीचा भाऊ स्कुटीवरून आला, पायाशी जार अडकवलेला, पूर्ण भरलेला, वर प्लास्टिकचं सील तसंच. “आईनं दिलाय,” म्हणाला आणि उंबऱ्याच्या आत ठेवून, चहालाही न थांबता गेला. मी आधी माठ भरून घेतला.