लंबक आणि आई

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा ‘शाळेने तुम्हाला काय दिलं’ हा विषयही ठरवून दिला होता. शिस्त, वाचनाची गोडी, जिवाभावाचे मित्र हे सगळं मिळालंच, त्याबद्दल इतर मंडळी माझ्याहून चांगलं लिहितील. मला प्रयोगशाळेतल्या एका तासाबद्दल लिहायचं आहे, कारण आई गेल्यापासून तो मला वरचेवर आठवतो.

सरांनी दोऱ्याला धातूचा गोळा बांधून लंबक केला होता. वीस दोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि वीसने भागायचं. आधी हलका गोळा घेतला, मग जड. वेळ तेवढाच. कुणीतरी झोका जरा मोठा दिला, तरी फरक पडेना. “आता दोरा बदला,” सर म्हणाले. दोरा साधारण १ मीटरचा असला की एका दोलनाला २ सेकंद लागतात. ४ सेकंद हवे असतील तर दोरा दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. तेवढी उंची प्रयोगशाळेत नव्हती, म्हणून सरांनी आम्हाला जिन्यात नेलं आणि वरच्या मजल्यावरून गोळा खाली सोडला. तो सावकाश जाऊन सावकाश परत यायचा. सगळा वर्ग, एरवी कधी गप्प न बसणारा, मान वर करून बघत राहिला होता.

आम्ही भावंडं तीन गावांना पांगलेली. आईशी बोलणं रोज व्हायचं, व्हिडिओ कॉलवर ती नातवंडांना बघायची. मोबाइलला नावं ठेवणं मला पटत नाही. परदेशातला भाऊ विमान मिळेपर्यंत तिच्या उशाशी होता तो मोबाइलमुळेच. पण आलेला आवाजी निरोप दुप्पट वेगाने ऐकायची एक सोय असते आणि ती आता आपल्या अंगवळणी पडली आहे. आईचे निरोप लांबलचक असायचे. आधी खोकला, मग “येतंय ना ऐकू?”, मग इकडचं तिकडचं. एकदा असाच निरोप भरभर लावला होता, तेव्हा माझी मुलगी म्हणाली, “बाबा, आजी अशी बोलत नाही.” खरंच होतं ते. दुप्पट वेगात मजकूर कळतो, पण मधले थांबे आखडून जातात. आणि म्हातारं माणूस मनातलं काही सांगतं ते बहुतेक वेळा अशा एखाद्या थांब्यानंतरच.

भेटींचंही तसंच आहे. धावत्या भेटी कितीही झाल्या तरी त्यांची बेरीज होऊन एक निवांत मुक्काम तयार होत नाही. पहिला दिवस खुशालीत आणि औषधांच्या चौकशीत जातो, दुसरा घरातल्या कामांत. तिसऱ्या दिवशी कधीतरी आई आपणहून तिच्या लहानपणाचं बोलू लागायची. तेव्हा मला जिन्यातला तो दोरा आठवायचा. दुप्पट संथपणासाठी चौपट लांबी लागते.

शेवटचे दिवस आम्ही तिला घरीच ठेवलं. डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितलं होतं, की श्वास खोल होत जाईल, मग उथळ होईल, काही क्षण थांबेल आणि पुन्हा सुरू होईल. चेन आणि स्टोक्स या डब्लिनमधल्या दोन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात अशा श्वासाचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. हे ठाऊक असल्याने दुःख कमी झालं नाही, पण दर थांब्याला धावाधावही झाली नाही. आम्ही तिचा हात धरून बसू शकलो.

“बोलत राहा, त्यांना ऐकू येत असेल,” असं नर्सताई म्हणाल्या. ती नुसती समजूत नव्हती. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेल्या, कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदू आवाजांची दखल घेत होता, असं त्यांना आढळलं. अर्थ कळतो की नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. आम्हाला तेवढंही पुरलं. धाकट्याने तिला तिचीच एक गोष्ट सांगितली, तिच्यासारखीच, जिथे ती थांबायची तिथे थांबून. माझ्या मुलीने शाळेत काय झालं ते सगळं सांगितलं, मैत्रिणीशी झालेल्या भांडणासकट. मरणाच्या खोलीत मुलांना येऊ देऊ नये असं काहींना वाटतं. मला तसं अजिबात वाटत नाही. ती भ्यायली नाही, आणि आजी कशी गेली हे तिला कुणाला विचारावं लागणार नाही.

महोत्सव समितीला एक विनंती आहे. कार्यक्रमपत्रिकेत भाषणं आहेत, सत्कार आहेत, छायाचित्रं आहेत. त्यात एक अख्खी दुपार मोकळी ठेवा. आमच्या तुकडीतले काहीजण आता नाहीत, त्यांच्याबद्दल आम्हाला बोलायचं आहे, घड्याळ न लावता. माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राच्या मुलांना तेव्हा आवर्जून बोलवा. तो गेला तेव्हा ती फार लहान होती. त्यांचे बाबा वर्गात कसे हसायचे, कशावर चिडायचे, हे त्यांना सांगू शकणारे आता आम्हीच आहोत.