दहा मिनिटांचं की अर्ध्या तासाचं?

आज ओपीडीत केराटोकोनसच्या (डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन पुढे फुगत जाण्याचा आजार) पोराच्या आईचा तोच सवाल: "मॅडम, ते दहा मिनिटवालं करा ना!"

ते म्हणजे क्रॉसलिंकिंग: रायबोफ्लेविन (जीवनसत्त्व बी-2) आणि अतिनील किरण वापरून कॉर्निया घट्ट करायचा. पद्धती दोन, पण किरणांची ऊर्जा दोन्हींत सारखीच, 5.4 जूल प्रति चौरस सेंटीमीटर. ड्रेस्डेन पद्धतीत कॉर्नियावरचा पापुद्रा काढून अर्धा तास रायबोफ्लेविनचे थेंब, मग 3 मिलीवॅटचे अतिनील किरण 30 मिनिटं. झटपट पद्धतीत 9 मिलीवॅट, 10 मिनिटं. गोम ऑक्सिजनमध्ये आहे. किरण प्रखर असले की कॉर्नियातला ऑक्सिजन लवकर संपतो, त्यामुळे असर तेवढा खोल जात नाही. कोवळं वय आणि टोपोग्राफीत (कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशात) वर्षभरात वक्रतेत एक डायॉप्टरची वाढ दिसली, तर माझा कौल ड्रेस्डेनलाच. पापुद्रा न काढता केलेलं कमी दुखतं खरं, पण औषध नीट आत उतरत नाही.

पापुद्रा काढल्यावर जाडी 400 मायक्रॉनच्या खाली भरली, तर आधी हायपोटॉनिक (कमी क्षाराच्या) रायबोफ्लेविननं कॉर्निया फुगवून घ्यायचा. नाहीतर कॉर्नियाच्या सगळ्यात आतल्या पेशींच्या थराला, एंडोथेलियमला, इजा होते.

आणि मावशी, यानं चष्मा सुटत नाही, फक्त आजार थांबतो!

पापुद्रा भरेपर्यंत, साधारण 4-5 दिवस, बँडेज लेन्स (जखम झाकणारी कॉन्टॅक्ट लेन्स) राहते. तेवढ्यात डोळ्यात विहिरीचं पाणी नको, सोयाबीनच्या मळणीत तर पाऊलही नको. दुखणं वाढलं, पांढरा ठिपका दिसला, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यायचं. खाजेवर ॲलर्जीचे थेंब चालू ठेवा. डोळे चोळणं सुटलं नाही, तर क्रॉसलिंकिंगनंतरही आजार पुढे सरकू शकतो.