गौरीचं जेवण, उरलेलं अन्न आणि एक फॉर्म: माझा अनुभव

ज्येष्ठा नक्षत्रावर गौरी जेवतात आणि त्याच रात्री ओट्यावर पातेल्यांची रांग लागते. सोळा भाज्या निवडून देणारी नणंद, आदल्या संध्याकाळी पुरण वाटून ठेवणाऱ्या जाऊबाई, आपल्या फ्रिजचा कप्पा रिकामा करून देणाऱ्या शेजारच्या काकू, यांच्या जिवावर स्वयंपाक पार पडतो. त्यांचे उपकार मी मनापासून मानते. अडतं ते पुढे. उरलेलं चांगलं अन्न कुणाच्या तरी मुखी लागावं एवढीच इच्छा असते आणि ठाण्यात नेमकं तेच होता होत नाही.

अन्न गोळा करून वाटणाऱ्या एका संस्थेचा नंबर होता. फोन लागला, तर म्हणाले, आधी फॉर्म भरा. पत्ता, फोटो, शाकाहारी की मांसाहारी, डबे कसले, असं विचारत विचारत सगळ्यात शेवटी प्रश्न आला: अन्न कधी शिजवलं? हा प्रश्न पहिला हवा. बाकीचं सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. फॉर्म गेल्यावर कळलं की ठरावीक माणसांपेक्षा कमी अन्न असेल तर गाडीच येत नाही. बरं, अट असू द्या, पण ती फोनवर सांगायला काय हरकत होती? मग 'बघतो, कुणी जवळ असेल तर पाठवतो' आणि वाट बघणं. गणपतीच्या दिवसांत घोडबंदर रोडवर संध्याकाळी गाड्यांची किती कोंडी असते ते ठाणेकरांना सांगायला नको. तोवर पातेली ओट्यावर कोमट होत राहतात. मला अजून राग येतो तो याच वेळेचा, कारण अन्न बिघडतं ते याच वेळात.

5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. भाताचं तर विशेष. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात आणि जे विष सोडतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून दुपारी उतरवलेला आणि तसाच बाहेर राहिलेला भात रात्री कुणालाही देऊ नये, वास चांगला येत असला तरी. उरलेलं अन्न वाटण्यासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, 2019 चे नियम आहेत, त्यामुळे संस्था चौकशी करणार हे मान्य. आपणच आधी तयारीत राहायचं.

गौरी येतात त्या दिवशीच फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: कमीत कमी किती माणसांचं लागतं, किती वाजेपर्यंत येता, डबे कुणाचे. अन्न कमी पडत असेल तर सोसायटीतल्या तीन-चार घरांचं मिळून एकच नाव द्या. आणि मुख्य म्हणजे, उरायची वाट बघू नका. नैवेद्याचं पान वाढतो त्याच वेळी, पंगतीत डाव फिरायच्या आधी, द्यायचं अन्न वेगळ्या डब्यांत काढा. पोळ्या, भात, सुकी भाजी, चिंच-गुळाचं पंचामृत द्या. कोशिंबीर, दह्याचं काहीही आणि ओल्या खोबऱ्याची चटणी देऊ नका. डब्यावर पदार्थाचं नाव आणि शिजवल्याची वेळ लिहून चिठ्ठी लावा. संस्था नाहीच आली तर वॉचमन, सफाईवाले, लिफ्टवाले यांना विचारा, त्यांची जेवायची वेळ कोणती ते. एक वाजता गरम जेवण हातात पडलं की घेणाऱ्यालाही मान वाटतो. रात्री अकराला पिशवी पुढे करणं मला तरी पटत नाही.

घरात ठेवायचा भात मात्र असा गार करा: मोठ्या परातीत दोन बोटं जाडीचा थर पसरायचा, उलथन्याने मोकळा करायचा, पंखा लावायचा. वाफ थांबली आणि हाताला गार लागला की पसरट डब्यात भरून लगेच फ्रिजमध्ये. सगळं मिळून तासाभरात व्हायला हवं. खोल पातेलं झाकून ठेवलं तर मधला भात कितीतरी तास कोमट राहतो, आणि तसंच फ्रिजमध्ये सरकवलं तर शेजारचं दूधही धोक्यात. दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करताना चांगली वाफ आणा आणि जेवढा लागेल तेवढाच काढा. परत परत गरम करू नका.

पुरण सैल झालं असेल तर घाबरू नका, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आटवा. उलथनं मध्ये उभं राहिलं की झालं. सैल होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच, डाळीतला कट नीट निथळलेला नसतो. एक किलो डाळीला एक किलो गूळ घ्यायचा. उरलेलं पुरण फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतं. त्याचे कानवले करा, नाहीतर दुधात सारखं करून खीर.

वरण खाली लागलं तर ढवळू नका, खरवडू तर मुळीच नका, वरचं अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता. कटाची आमटी खारट झाली तर बटाटा टाकून मीठ शोषलं जात नाही. थोडी शिजलेली डाळ आणि पाणी वाढवून, चिंच-गूळ पुन्हा बेताने घाला. आमटी जेवणं उरकली की लगेच खळखळून उकळून, पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून गार करून फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी चव आणखी मुरते. पंचामृताची काळजी नको, चिंच आणि गुळामुळे ते टिकतं.

हे आधीच सांगायला हवं होतं: अळूवडीचे उंडे सगळे तळू नका. वाफवलेले उंडे गार करून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवले की दोन दिवस टिकतात, लागतील तसे कापून तळा. घशाला खाजत असेल तर चिंचेचा कोळ कमी पडलाय किंवा वाफ अपुरी राहिली आहे. असे उंडे तळायच्या आधी पुन्हा पंधरा मिनिटं वाफवून घ्या. उरलेले उकडीचे मोदक फ्रिजमध्ये दगड होतात, कारण तांदळाचा स्टार्च गारठ्याने घट्ट होतो. ओल्या फडक्यावर ठेवून पाच मिनिटं वाफवले की परत मऊ होतात. मायक्रोवेव्हमध्ये मात्र पारी वातड होते आणि सारण आधी तापून बाहेर येतं.