डावा कोपरा

कबड्डीला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलीला चढाईच करायची असते. चढाईपटू प्रदीप नरवालची डुबकी, म्हणजे बचावपटूंच्या हातांखालून वाकून निसटणं, टीव्हीवर पाहिलेली असते, आणि टाळ्याही चढाईलाच जास्त पडतात. नववीतली एक मुलगी तर सारखी मागे लागायची, "बाई, मला चढाईला पाठवा ना." ठेंगणी, भक्कम पिंडऱ्यांची, पळण्यात मागे. मी तिला डाव्या कोपऱ्यावर, म्हणजे बचावफळीच्या डाव्या टोकाला, उभं केलं. घोटा धरायला खाली जायचं तर असा बांधा सोयीचाच. पण त्याहून मला आवडला तो तिचा संयम. बाकीच्या मुली हुलीला फसून पुढे झेपावत, ही जागची हलत नसे. इराणचा फजल अत्राचली आणि आपला गिरीश इर्नाक, दोघेही डाव्या कोपऱ्याचे, त्यांच्या पकडी तिला मोबाइलवर दाखवल्या.

तालुक्याच्या शालेय स्पर्धेत समोरच्या संघात उंच, लांब पायांची चढाईपटू होती. बचाव करणाऱ्या संघाच्या सहा किंवा सात जणी मैदानात असल्या की चढाईपटूला बोनस, म्हणजे जादा गुण, खुला असतो. बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवायचा, त्या वेळी दुसरा पाय हवेत हवा. लांब पायांना हे सोपं जातं. पूर्वार्धात तिने बोनस घेऊन घेऊन आमच्या मुलींना रडकुंडीला आणलं. आमची मध्यरक्षक अंगाने दणकट पण तापट. डॅश मारायच्या, म्हणजे धडक देऊन चढाईपटूला मैदानाबाहेर ढकलायच्या, घाईत ती दोनदा बाद झाली.

मध्यंतरात पाणी पिता पिता कोपऱ्यावरची म्हणाली, "बाई, बोनसला पाय टाकायच्या आधी ती उजवा खांदा पाडते."

"मग कधी धरशील?"

"पाय टेकला की. तेव्हा ती एकाच पायावर असते."

उत्तरार्धात त्या मुलीने दोनदा नुसती हूल दिली. आमची हलली नाही. तिसऱ्यांदा खांदा पडला, पाय रेषेपलीकडे टेकला, आणि हिने बसक्या अवस्थेतूनच दोन्ही हातांनी घोटा आवळला. डोकं बाजूला, छाती जमिनीला. उंच मुलगी मध्यरेषेकडे झेपावली, हात पुरता लांब केला. पाय सुटतोय असं वाटलं तेवढ्यात तापट मध्यरक्षक कंबरेवर येऊन आदळली. कोणी आधी धरून ठेवलं असेल तर तोच तापटपणा किती कामाचा! बोनसचा गुण त्यांना, पकडीचा आम्हाला. पण त्यांची मुख्य चढाईपटू बाहेर बसली. तिच्याविना त्यांच्या चढाया रिकाम्या जाऊ लागल्या आणि थोड्याच वेळात त्यांचा अख्खा संघ बाद करून आम्ही लोण चढवला.

सामना आम्ही जिंकला. मुलगी अजूनही चढाई मागते, आणि सरावात मी तिला मुद्दाम पाठवते. चढाई करताना तोल कुठे जातो, हे स्वतःच्या पायांनी कळलं तर कोपऱ्यावर तिला फायदाच होईल.